घाणेरी, गाजर गवत, जलपर्णी आणि इतर पाहुणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेकडीवर श्रमदान करणारे, शेतकरी, नदीकाठच्या सोसायट्यांमधले रहिवासी आणि मत्स्यालयाचे हौशी लोक आक्रमक प्रजातींबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे विषयच तसा आहे.

आक्रमक प्रजाती म्हणजे नेमकं काय? परदेशातून आलेलं सगळंच वाईट का?

अजिबात नाही. मिरची, बटाटा, टोमॅटो, पेरू, सीताफळ, भुईमूग आणि काजू हे सगळं अमेरिका खंडातून आलेलं आहे. यातलं बरंच पोर्तुगीजांच्या जहाजांतून आलं. ते काढून टाकायचं म्हटलं तर ठेचा आणि काजूची उसळ दोन्ही गेलं.

परकीय प्रजाती म्हणजे माणसाने, जाणूनबुजून किंवा नकळत, तिच्या मूळ प्रदेशाबाहेर आणलेली प्रजाती. अशांपैकी बहुतेक बागेत किंवा शेतात राहतात, माणसाने पाणी थांबवलं की मरतात. थोड्या मात्र स्वतःच्या बळावर पसरतात, स्थानिक प्रजातींना हटवतात, पीक, गुरं, पाणी किंवा माणसाचं आरोग्य बिघडवतात. त्यांनाच आक्रमक म्हणायचं. २०२३ मध्ये जैवविविधतेवरच्या आंतरशासकीय मंचाने जागतिक आढावा प्रसिद्ध केला. त्यात माणसाने जगभर हलवलेल्या ३७,००० हून अधिक प्रजातींची नोंद आहे आणि त्यातल्या सुमारे ३,५०० उपद्रवी ठरल्या आहेत. म्हणजे दहातली एक. पण त्याच अहवालानुसार, नोंद झालेल्या जागतिक नामशेष प्रजातींपैकी ६० टक्क्यांच्या विनाशात या दहातल्या एकीचा हात आहे.

गाजर गवत खरंच अमेरिकेच्या गव्हातून आलं का?

शाळेत सगळ्यांनी हेच ऐकलेलं असतं: पीएल-४८० योजनेचा गहू आला आणि त्यातून गाजर गवताचं बी आलं. गोष्ट सांगायला सोपी आहे, तारखा मात्र तितक्या सोप्या नाहीत. पीएल-४८० हा अमेरिकी कायदा १९५४ चा, भारताशी त्याखाली करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. पुण्यात उकिरड्यांवर हे झाड त्याआधीच दिसू लागलं होतं आणि त्याची शास्त्रीय नोंद १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली. अर्थात १९५१ मध्येही अमेरिकेने भारताला कर्जाऊ गहू दिला होता, त्यामुळे गव्हाचा मार्ग पूर्ण नाकारता येत नाही. शिवाय कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाच्या १८१४ च्या यादीतही या झाडाचं नाव आहे.

माझ्या मते ते कोणत्या पोत्यातून आलं यापेक्षा ते इतकं पसरलं का, हा प्रश्न जास्त कामाचा आहे. त्याचं उत्तर आपल्याच जमिनीत आहे. रस्त्याच्या कडा, बांधकामाचे भूखंड, अतिचराई झालेली गायरानं आणि पडीक शेतं अशी मोकळी, उकरलेली, कुणाची नसलेली जागा आपण दरवर्षी वाढवत गेलो. गाजर गवताला नेमकी तीच लागते. दाट गवताच्या कुरणात ते सहसा तग धरत नाही.

त्याने असं काय मोठं नुकसान होतं? तणच तर आहे.

एक झाड दहा ते पंचवीस हजार बिया देतं आणि पुरेसा ओलावा मिळाला तर वर्षात तीन-चार पिढ्या होतात. पानं, मुळं आणि फुलांमधली पार्थेनिनसारखी रसायनं शेजारच्या बियांची उगवण दाबतात, त्यामुळे पिकाचं उत्पादन घटतं. गायरानात ते माजलं की चारा जातो. भुकेली गुरं ते खातात, मग दुधाला कडवट चव येते आणि जास्त खाल्लं तर जनावर आजारी पडतं.

माणसाला होणारा त्रास वेगळाच. वारंवार संपर्क आला की काहींना हात, मान, पापण्या यांवर चिवट इसब होतो, परागकणांनी दमा बळावतो. एकदा ॲलर्जी झाली की ती बहुधा जन्माची सोबत. खुरपणीचं काम बायका करतात, म्हणून हा भारही जास्त त्यांच्यावर पडतो. नुकसानीच्या हिशेबात मात्र त्यांचा औषधखर्च आणि बुडालेली मजुरी कधी दिसत नाही. उपटताना हातमोजे घाला, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला आणि फुलं यायच्या आधी उपटा. फुलं आल्यावर उपटून बांधावर टाकलेलं झाड बी पिकवूनच सुकतं.

त्यावर मेक्सिकन भुंगे सोडले होते ना? त्यांचं काय झालं?

झायगोग्रामा नावाचा हा छोटा पट्टेरी भुंगा १९८३ मध्ये मेक्सिकोहून बंगळूरला आणला आणि चाचण्यांनंतर १९८४ मध्ये सोडला. पावसाळ्यात तो गाजर गवताची पानं चाळणीसारखी करतो. मध्यंतरी तो सूर्यफुलावर दिसल्याने बरीच ओरड झाली होती, पण सूर्यफुलाचा तो शत्रू ठरला नाही.

अडचण त्याच्या वेळापत्रकाची आहे. कोरड्या दिवसांत भुंगा जमिनीत शिरून झोपतो आणि ओल असलेल्या जागी गाजर गवत बाराही महिने उगवत राहतं. त्यामुळे भुंगा मदत करतो, पण काम पूर्ण करत नाही. त्याच्या जोडीला टाकळ्याचं बी फेकणं हा स्वस्त उपाय आहे. टाकळा पहिल्या पावसात झपाट्याने वाढतो, गाजर गवताला सावलीत कोंडतो आणि कोवळा असताना भाजीलाही होतो.

आमच्या टेकडीवर घाणेरी माजली आहे. एका रविवारी सगळे मिळून तोडून टाकली तर?

कृपया नुसती तोडू नका. घाणेरी, म्हणजेच टणटणी, कोयत्याने छाटली की बुंध्यातून दुप्पट फुटते. मग पुढच्या वर्षी तिथे आणखी दाट जाळी असते आणि स्वयंसेवक निम्मे झालेले असतात.

दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक साधी पद्धत रुळवली. घाणेरीचे नवे कोंब जमिनीलगतच्या, खोड आणि मूळ जिथे जुळतात त्या भागातून येतात. त्याच्या थोडं खाली, मातीत, कुदळीने मुख्य मूळ तोडायचं आणि झुडूप उचलून उलटं ठेवायचं, म्हणजे बुंधा मातीला लागत नाही. अख्खं मूळ खणायची गरज नाही, त्यामुळे उतारावरची मातीही फार हलत नाही. पहिल्या पावसानंतर माती मऊ झालेली असते, तेव्हा हे सगळ्यात सोपं जातं. फळं धरायच्या आधी उरका.

त्यानंतरचं काम महत्त्वाचं आणि तेच बहुतेक ठिकाणी राहून जातं. बुलबुल घाणेरीची फळं खाऊन बिया टाकत राहणार. त्यामुळे पुढची दोन-तीन वर्षं रोपटी उपटायला लागतात आणि मोकळ्या झालेल्या जागेवर काहीतरी यावं लागतं. मेळघाटात पुनर्वसित गावांच्या रिकाम्या जागांवर कुरणं उभी करताना तण काढण्याबरोबर स्थानिक गवतं वाढवण्यावर भर दिला गेला, तो याचसाठी. टेकडीवर मारवेल, पवन्या, कुसळी अशी गवतं परत आली तर निम्मी लढाई जिंकली. नुसते खड्डे खणून झाडं लावली तर उकरलेल्या मातीत आधी घाणेरीच येते. गवताळ टेकडीला जंगल करायचा आपला हट्ट हा या विषयातला माझा जुना राग आहे, पण तो इथेच थांबवतो.

पण घाणेरीत पक्षी आणि फुलपाखरं असतात. ती काढणं क्रूरपणा नाही का?

प्रश्न रास्त आहे. घाणेरीच्या फुलांवर फुलपाखरं खरंच गर्दी करतात आणि लहान पक्षी तिच्या काट्यांत घरटी करतात. म्हणून एकाच हंगामात सगळी टेकडी उघडी करू नये. पट्ट्यापट्ट्याने काढावी, विणीच्या काळात जाळी तपासून हात लावावा.

मात्र फुलपाखरू मध कुठून पितं एवढंच पाहून चालत नाही. त्याच्या अळीला खायला स्थानिक झाडंच लागतात आणि घाणेरी ती उगवू देत नाही. हरणांना, गुरांना तिचा पाला चालत नाही. दुष्काळात गुरांनी तो खाल्लाच तर यकृत बिघडतं, कावीळ होते आणि उन्हात कातडी भाजल्यासारखी सोलते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार घाणेरीने भारतातली सुमारे १,५४,००० चौरस किलोमीटर जंगलं व्यापली आहेत, म्हणजे वाघांच्या अधिवासाचा ४० टक्क्यांहून जास्त भाग. चितळ-सांबराचा चारा गेला की ती गावाच्या शेताकडे सरकतात आणि त्यांच्या मागे वाघ-बिबटेही. पिकाची नासाडी, गुरांवरचे हल्ले आणि नुकसानभरपाईच्या फायली यांचं एक टोक त्या जाळीत अडकलेलं असतं.

कोकणातही घाणेरीच मुख्य आहे का?

तिथे आणि गोव्यात रानमोडी जास्त डोकेदुखी आहे. तीही अमेरिकेकडचीच. रस्त्यासाठी फोडलेले उतार आणि जुन्या काजूबागा ती भरून टाकते. पावसानंतर फुलते, वाऱ्यावर बी उडवते आणि उन्हाळ्यात वाळून उभं जळण बनते. काजूच्या हंगामात वणवा लागला तर ती त्याला थेट झाडाच्या शेंड्यापर्यंत नेते. बागायतदाराने पावसाळ्याच्या शेवटी, फुलं यायच्या आधी एक बेणणी केली तरी पुढचा बराच खर्च वाचतो.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये डोंगर नारिंगी-पिवळे होतात. ती फुलंही आक्रमक?

पिवळ्या रंगावर जाऊ नका. सह्याद्रीच्या पठारांवर घोट्या-गुडघ्याएवढी वाढणारी पिवळी फुलं बहुधा सोनकी किंवा मिकी माऊस, म्हणजे कवल्याची असतात. ती आपली आहेत. कमरेपर्यंत किंवा त्याहून उंच, बारीक कातरलेल्या पानांचं, भडक नारिंगी-पिवळं फूल म्हणजे कॉसमॉस. ते मेक्सिकोकडचं. बागांमधून आणि रस्त्याच्या दुभाजकांवरून सुटून ते पुण्याच्या टेकड्यांवर आणि घाटरस्त्यांच्या कडेला पोचलं आहे. फोटोला छान दिसतं हे मान्य. ते दाट वाढतं आणि त्याच्या सावलीत बुटकी स्थानिक फुलं मागे पडतात. उपटायला सोपं आहे, बी धरायच्या आधी उपटा. ओळखीबद्दल शंका असेल तर मात्र हात लावू नका. उत्साहाच्या भरात सोनकी उपटली जाण्यापेक्षा कॉसमॉस राहिलेलं बरं.

गिरिपुष्प आणि सुबाभूळ तर सरकारनेच लावली. मग ती कशी आक्रमक?

चांगल्या हेतूने लावली गेली हे खरंच आहे. १९७० आणि ८० च्या दशकांत चारा, जळण आणि उघड्या डोंगरांवर हिरवळ हवी होती. उरुळीकांचनच्या बाएफ या संस्थेने सुबाभळीचा चाऱ्यासाठी प्रसार केला आणि अनेक शेतकऱ्यांच्या गोठ्याला त्याचा आधार झाला. बांधावर, कापणीच्या शिस्तीत, ही झाडं आजही उपयोगी आहेत. गिरिपुष्पाचा पाला उत्तम हिरवळीचं खत आहे.

डोंगरावर सोडून दिली की गणित बदलतं. पुण्याच्या कितीतरी टेकड्यांवर गिरिपुष्पाची एकसुरी दाटी झाली आहे. खाली गवत नाही, उन्हाळ्यात सावलीही नाही. ती एकदम तोडू नयेत. स्थानिक रोपं खाली वाढवत, टप्प्याटप्प्याने विरळ करावीत आणि टेकडी वनखात्याची असेल तर त्यांच्या परवानगीनेच.

नदीतली जलपर्णी दरवर्षी काढतात, तरी दरवर्षी का येते?

कारण तिचं खाणं बंद होत नाही. जलपर्णी मूळची ॲमेझॉन खोऱ्यातली. निळ्या-जांभळ्या फुलांसाठी १८९० च्या दशकात ती बंगालमध्ये आणली गेली. सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद भरपूर असेल तर दोनेक आठवड्यांत ती दुप्पट होते. पवना, मुळा-मुठा, इंद्रायणी, पंचगंगा, उल्हास या नद्यांत शुद्ध न केलेलं मैलापाणी जातं, म्हणून ती तिथे माजते. जानेवारीनंतर प्रवाह मंदावतो, ऊन वाढतं आणि एप्रिलपर्यंत काठावरून क्रिकेटचं मैदान असावं तशी नदी दिसते.

ती माजली की पाण्यात ऑक्सिजन घटतो, मासे मरतात, होड्या आणि जाळी अडकतात, डास वाढतात. पानांतून होणाऱ्या बाष्पीभवनाने उघड्या पाण्यापेक्षा जास्त पाणी उडतं. मग यंत्रं लावून ती काढायची निविदा निघते. काम बहुधा उशिरा सुरू होतं आणि उरलेली जलपर्णी पहिल्या पुराने पुढच्या गावाला जाते. पुण्याची भीमेत, भीमेची उजनीत. शिवाय तळाच्या गाळात बी वीस वर्षांपर्यंत टिकतं.

तिच्यावर जगणारे निओकेटिना जातीचे सोंडे, म्हणजे सोंडेसारखं तोंड असलेले भुंगे, १९८० च्या दशकात भारतात आणले गेले आणि बंगळूरच्या काही तलावांत त्यांनी चांगलं काम केलं. पण वाहत्या, दरवर्षी पुराने धुतल्या जाणाऱ्या आणि मैल्याने गच्च नदीत सोंड्यांच्या खाण्यापेक्षा झाडाची वाढ पुढे असते. नदीतली जलपर्णी काढायचा खर्च हा खरं तर मैलापाणी शुद्धीकरणाचा न भरलेला खर्च आहे, आणि तो दरवर्षी व्याजासकट भरावा लागतो.

तिच्यापासून खत, टोपल्या, बायोगॅस करता येत नाही का?

येतं आणि होतंही. पण ताज्या जलपर्णीत ९० टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, त्यामुळे वाहतुकीचाच खर्च जास्त. शहराखालच्या नदीतल्या झाडात जड धातू साठलेले असू शकतात, असं खत भाजीला घालण्याआधी तपासायला हवं. घाणेरीच्या काड्यांचं फर्निचरही होतं. निलगिरीच्या परिसरातल्या आदिवासी कारागिरांनी त्यापासून बनवलेले पूर्ण आकाराचे हत्ती २०२१ मध्ये लंडनच्या उद्यानांत उभे होते. कौतुकास्पद आहेच. फक्त तणावर कुणाची रोजीरोटी बसली की ते तण संपू नये असंही कुणाला तरी वाटू लागतं, हे ध्यानात ठेवावं.

उजनीतल्या चिलापीबद्दल मच्छीमार तक्रार करत नाहीत. मग अडचण काय?

चिलापी म्हणजे तिलापिया, आफ्रिकेतला मासा. भारतात १९५२ मध्ये आला. मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्लं जगण्याचं प्रमाण मोठं. गढूळ, घाण पाण्यातही वाढतो. उजनीच्या कितीतरी मच्छीमार कुटुंबांची चूल आज त्यावर पेटते. ती वस्तुस्थिती नाकारून नुसतं ‘परका मासा’ म्हणणं बरोबर नाही. आणि गंमत अशी की ‘आपले’ म्हणून सांगितले जाणारे रोहू, कटला, मृगळ हेसुद्धा भीमेचे नाहीत. ते गंगेच्या खोऱ्यातून आणून सोडलेले आहेत.

तोटा आहे तो विविधतेचा. वाम, मरळ, शिंगटा अशा चांगला भाव मिळणाऱ्या माशांच्या जागी एकच स्वस्त मासा उरला की भाव पडला त्या दिवशी दुसरा पर्याय नसतो.

सकर माशाबद्दल मात्र कुणाचंच दुमत नाही. मत्स्यालयात ‘काच साफ करणारा’ म्हणून विकला जाणारा हा दक्षिण अमेरिकी मासा हौशी लोकांनी तळ्यांत सोडला. अंगावर हाडांची कवचं असतात, त्याने जाळी फाटतात, आणि त्याला गिऱ्हाईक नाही. आफ्रिकन मांगूर, ज्याला बाजारात थाई मांगूर म्हणतात, तो तर हवेत श्वास घेतो आणि समोर येईल ते खातो. त्याच्या पालनावर बंदी आहे. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर राज्यात अशी तळी नष्ट करण्यात आली आहेत.

शेतकऱ्याला याचा थेट फटका कुठे बसतो?

अलीकडची दोन उदाहरणं पुरेत. अमेरिकन लष्करी अळी मे २०१८ मध्ये कर्नाटकात शिवमोग्याजवळ प्रथम सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात मक्यावर आली. पतंग एका रात्रीत शंभर किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो. अळीच्या डोक्यावर उलटा इंग्रजी ‘वाय’ आणि शेपटीकडे चौकोनात चार ठिपके ही तिची खूण. ती पोंग्यात, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत, शिरली की फवारणी पोचत नाही, म्हणून पीक लहान असतानाच कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे) आणि शेतातली फेरी हवी.

दुसरी शंखी गोगलगाय, मूळची पूर्व आफ्रिकेची. १८४७ मध्ये एका इंग्रज हौशी माणसाने ती मॉरिशसहून कलकत्त्यात आणली. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबाद भागात तिने उगवतं सोयाबीन रातोरात खाल्लं आणि अनेकांवर दुबार पेरणीची पाळी आली. गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती संध्याकाळी बांधावर ठेवून सकाळी खाली जमलेल्या गोगलगायी गोळा करायच्या आणि मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात मारायच्या. उघड्या हाताने धरू नका, तिच्या अंगातून मेंदूला अपाय करणारा जंत माणसात येऊ शकतो. एकट्या शेतकऱ्याने हे करून भागत नाही, शिवार मिळून करावं लागतं.

यात कधी यश आलं आहे का?

पपईवरच्या पिठ्या ढेकणाचं उदाहरण घ्या. २००८ मध्ये तो कोइंबतूरला दिसला, दोन वर्षांत महाराष्ट्रातल्या पपई बागांत आला. फवारण्या वाया जात होत्या, कारण त्याच्या अंगावर मेणचट थर असतो. २०१० मध्ये बंगळूरच्या कृषी संशोधन संस्थेने पोर्तो रिकोहून असेरोफेगस नावाची मिलिमीटरभर लांबीची परजीवी गांधीलमाशी आणली, तपासली आणि सोडली. पुढच्या वर्ष-दीड वर्षात ढेकूण आटोक्यात आला, तोही फवारणीशिवाय. ढेकूण एकाच प्रकारचा होता, त्याचा नैसर्गिक शत्रू माहीत होता आणि निर्णय पटकन झाला, म्हणून हे जमलं.

एकूण किती पैसा जातो?

जागतिक आकडा २०१९ साठी वर्षाला ४२३ अब्ज डॉलरहून जास्त आहे आणि १९७० पासून दर दशकात तो किमान चौपट झाला. त्यातला फक्त ८ टक्के भाग नियंत्रणावरचा खर्च आहे, बाकी सगळं नुकसान.

भारतासाठी २०२२ च्या एका अभ्यासाने १९६० ते २०२० या काळातला आकडा किमान ८.३ लाख कोटी रुपये काढला. अभ्यासकांनी स्वतःच म्हटलंय की खरा आकडा याहून बराच मोठा असणार, कारण बहुतेक प्रजातींच्या नुकसानीची नोंदच नाही. गायरानातला गेलेला चारा किंवा खुरपणाऱ्या बाईचा इसब कुठल्या वहीत लिहिला जातो?

आपल्याकडचं काही बाहेर जाऊन आक्रमक झालंय का?

भरपूर. आपली साळुंखी १८६२ मध्ये मेलबर्नला नेली, किडे खाईल म्हणून. आज ती पूर्व ऑस्ट्रेलियात स्थानिक पक्ष्यांच्या ढोली बळकावते. मुंगूस उसाच्या मळ्यांतले उंदीर मारायला कलकत्त्याहून जमैकाला आणि तिथून १८८३ मध्ये हवाईला गेलं. उंदीर रात्री फिरतात, मुंगूस दिवसा, त्यामुळे त्याने पक्ष्यांची अंडी संपवली. आपला घरकावळा पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर इतका वाढला की केनियाने दहा लाख कावळे मारायची योजना जाहीर केली.

कायदा काय म्हणतो?

वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. तिने पहिल्यांदाच आक्रमक परकीय प्रजातींची व्याख्या केली आणि त्यांची आयात, व्यापार, बाळगणं यांवर निर्बंध घालायचा अधिकार केंद्राला दिला. बियाणं आणि रोपांच्या आयातीसाठी २००३ चा वनस्पती विलगीकरण आदेश आहे.

घरातलं कासव मोठं झालंय, तळ्यात सोडलं तर चालेल का?

नाही. कानाजवळ लाल पट्टा असलेलं ते अमेरिकन कासव आहे. ते नाण्याएवढं असताना विकत घेतलं जातं, पुढे ताटलीएवढं होतं आणि वीस-तीस वर्षं जगतं. तळ्यात ते स्थानिक कासवांचं खाणं आणि उन्हात बसायच्या जागा बळकावतं. मासे आणि मत्स्यालयातल्या पाणवनस्पतींनाही हाच नियम लागू आहे. विकणाऱ्याला परत घेतोस का विचारा, नाहीतर वन्यप्राणी बचाव संस्थेला किंवा वनखात्याला फोन करा.

परदेशातून येताना फुलांच्या बिया किंवा कलमं आणली तर?

परवानगीशिवाय आणू नका, आणि इथून नेतानाही तेच. ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या मुलीसाठी ताजा कढीपत्ता बॅगेत घालणाऱ्या आया विमानतळावर अडचणीत येतात. कढीपत्त्यावरून लिंबूवर्गीय झाडांचा रोग पसरवणारी कीड जाऊ शकते, म्हणून तो जप्त होतो, आणि जाहीर न केल्यास दंडही होतो. तिथे उतरताना भरायच्या अर्जावर ‘वनस्पतीजन्य पदार्थ आहेत’ इथे खूण करा. वाईटात वाईट, कढीपत्ता कचऱ्यात जाईल.